भाड्याचं, विकतचं, फुकटचं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी पाणी भरलं, कपडे वाळत घातले. दुपारी बँकेत जाऊन चार ठिकाणी सह्या केल्या. परत आल्यावर स्टुडिओची पुढची खोली झाडली आणि यांचा संगणक सुरू केला. हे जाऊन आज बावीस दिवस झाले. संगणक तेव्हापासून बंदच होता.

पडद्यावर एक चौकट आली. फोटो सुधारायचं जे सॉफ्टवेअर हे वापरत, त्याची वर्षाची मुदत तीस नोव्हेंबरला संपते आहे. नूतनीकरण केलं नाही तर ते उघडणार नाही.

मुख्य परिचारिकाबाईंच्या निवृत्तीच्या समारंभाचे फोटो त्यातच आहेत. यांनी काढलेलं शेवटचं काम. एकूण दोनशे अडतीस फोटो. झालेल्या फोटोवर हे हिरवी खूण करत. खुणा मोजल्या, ब्याण्णव भरल्या. एकशे शेहेचाळीस राहिलेत.

बाई मला भेटायला आल्या होत्या. तासभर बसल्या, माझा रक्तदाब तपासला, फोटोंचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणूनच ते द्यायला हवेत.

राहिलेले मी करायचं ठरवलं आहे, पण यांच्याच रंगात. आमच्या स्टुडिओचा फोटो लोक लांबून ओळखत. एकाच अल्बममध्ये अर्धे फोटो एका रंगाचे आणि अर्धे भलत्याच, असं होऊ द्यायचं नाही. हे एवढं झालं की मग दुकानाचं बघू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. तिला सांगितलं तर ती आधी हसली.

"आई, तू मोबाइलवर फोटो काढलास तर त्यात तुझं बोट येतं."

"काढायचे नाहीत. काढलेले सुधारायचेत."

"समोरच्या काकांना दे ना. तासाभरात करून टाकतील."

"त्यांचा रंग वेगळा."

"अगं, रंग तो रंग. त्यात माझा-तुझा काय?"

हे तिच्या बाबांनी ऐकलं असतं तर दोन दिवस तिच्याशी बोलले नसते. तरी पोरगी गुणाची. संध्याकाळपर्यंत तिने शोधून मला लिहून पाठवलं. अशी सॉफ्टवेअर तीन तऱ्हेची असतात म्हणे. एक दर वर्षी पैसे भरायचं, ते यांच्याकडे आहे. दुसरं एकदाच पैसे भरून कायमचं घ्यायचं, ते चौदा दिवस वापरून बघता येतं. तिसऱ्याला काहीच पडत नाही. नावं सगळी इंग्रजी आणि एकासारखं एक. मी माझ्यापुरती ठेवली आहेत: भाड्याचं, विकतचं, फुकटचं.

शेवटी तिने लिहिलं होतं, "नाहीतर सरळ बंद कर आणि इकडे ये."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अख्खा दिवस भाड्याच्या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या ओळखण्यात गेला. उजेडाची पट्टी, सावलीची, रंग गरम-थंड करायची. ओढली की चित्र बदलतं. हात थरथरला की जास्त बदलतं.

माझं टेबल आठवलं. मी या स्टुडिओत रिटचिंगला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि यांचे वडील मालक होते. खिडकीपाशी उताराचं टेबल, त्यात दुधी काच, काचेखाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके आले तर तीन केसांच्या ब्रशने करडा रंग टेकवायचा. करडे रंग सात मिसळून ठेवलेले असत. कुठल्या ठिपक्याला कुठला, हे मला बघताक्षणी कळे. यांचे वडील म्हणायचे, "पोरीच्या डोळ्यात मोजपट्टी आहे." हे तेव्हा काळ्या खोलीतून हात पुसत बाहेर यायचे, अंगाला फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास, आणि ओल्या प्रिंटा माझ्या डोक्यावरच्या दोरीला चिमट्यांनी लावायचे. त्यातलं पाणी माझ्या मानेवर पडे. मुद्दाम पाडत, हे त्यांनी लग्नानंतर सहा वर्षांनी कबूल केलं.

एकोणीस वर्षं ते टेबल माझं होतं. मग डिजिटल आलं. एके दिवशी मी लेकीच्या शाळेतून परत आले तर टेबल उचललेलं आणि तिथे प्रिंटर. हे म्हणाले, "आता तुला डोळे फोडायला नकोत." मी स्वयंपाकघरात गेले. त्या वेळी बोलायला हवं होतं असं पुष्कळदा वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज मोठा घोळ घातला.

भाड्याचं बंद पडायच्या आत यांचे ब्याण्णव फोटो सुरक्षित करावेत म्हणून ते सगळे एका डिस्कवर उतरवले आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. बघते तर सगळे मेलेले. मळकट, सपाट, काही म्हणजे काही केलेलं नाही. यांचं काम माझ्या हातून पुसलं गेलं असं वाटून तशीच उठले. चप्पल न घालता रस्ता ओलांडला.

समोरचे म्हणजे समोरच्या फुटपाथवरचे फोटोवाले. सव्वीस वर्षं समोरासमोर दुकान. हे आणि ते एकमेकांना "काय, कसं काय" एवढंच बोलत, तेसुद्धा शटर उघडताना. ते आले, बघितलं आणि खुर्चीत टेकून हसायला लागले.

"वहिनी, काही पुसलेलं नाही. तुम्ही निगेटिव्ह उचलून आणल्यात. प्रिंट राहिली तिकडेच."

"म्हणजे?"

"फोटोची फाइल कधी बदलत नाही. त्यावर काय काय केलं याची नुसती यादी ते सॉफ्टवेअर आपल्या वहीत लिहून ठेवतं. ही वही त्या दुसऱ्याला वाचता येत नाही. रंग केलेले फोटो हवे असतील तर तिथूनच पक्के करून बाहेर काढायचे."

एकोणीस वर्षं निगेटिव्ह हाताळलेली बाई मी. लाज वाटली.

मग त्यांनी भाड्याचं उघडून हिरव्या खुणेचे फोटो एकेक मोठे करून दाखवले. मीही ते पहिल्यांदाच मोठे बघत होते. बाईंचा गणवेश, मागच्या सगळ्याजणींचे गणवेश, दवाखान्याची भिंत, सगळं निळं. शाईच्या पाण्यातून काढल्यासारखं. चेहरेसुद्धा थंडीने काकडल्यासारखे.

"हे असं काय?" मी म्हटलं.

त्यांनी बोटाने पडदा पुसून पाहिला. मग म्हणाले, "पडदा जुना झालाय. जुना पडदा निळा मारतो." आणि उठता उठता, "वहिनी, हे काम माझ्याकडे द्या. नाव तुमच्याच स्टुडिओचं घालतो."

मी नको म्हटलं. सव्वीस वर्षं आमच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवलेला माणूस. हे गेले न गेले तोच हात पुढे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

त्यातला एक फोटो पक्का करून कागदावर छापला. उन्हात धरून पाहिला. निळाच. म्हणजे पडद्याचा दोष नाही.

मग सॉफ्टवेअरच बिघडलं असेल. लेकीला विचारलं तर म्हणते असं बिघडत नाही. आज विकतचं उतरवून घेतलं. त्यात बाईंचा एक फोटो कच्चा घेतला आणि दोनच पट्ट्या सरकवल्या. गणवेश पांढरा झाला, चेहऱ्यावर रक्त आलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आनंद व्हायला हवा होता. पण हा यांचा रंग नव्हे. यांनी निळा केला असेल तर त्यामागे काहीतरी विचार असणार. ते उगाच काही करत नसत. मी पांढरं करणारी कोण?

रविवार, १६ नोव्हेंबर

दोन दिवस यांची जुनी कामं उघडून बघते आहे. यांचा रंग शिकायचा तर तो मुळातून शिकावा.

भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या बाजूला पायऱ्या दिसतात. कुठल्या फोटोवर काय केलं, एकाखाली एक, तारीख आणि वेळेसकट. गेल्या तीन वर्षांतली साठ-सत्तर कामं पाहिली. सगळीकडे एकच प्रकार आहे. सकाळी नऊ-साडेनऊला हे उजेड आणि सावली करत, ते उत्तम. मग रंगाची पट्टी थंडाकडे ओढत. फोटो निळा होई. मग अकरा वाजून पाच-दहा मिनिटांनी शेवटची पायरी, पट्टी परत गरमाकडे. फोटो बरोबर.

रोज अकरा.

अकराला मी चहा घेऊन पुढे जात असे. हे म्हणत, "बस जरा. सांग, ही भिंत कशी दिसते?" मी म्हणे, "जरा निळी मारतेय." हे पट्टी ओढत जात. मी "बस" म्हटलं की थांबत. मग पुढचा फोटो. मला वाटे, टेबल उचलल्याची भरपाई म्हणून माझं मन राखताहेत. माझं दूध गॅसवर असे, मी वैतागून म्हणे, "तुम्हाला दिसत नाही का?" तर हसून म्हणत, "तुझ्याइतकं नाही."

मागच्या उन्हाळ्यात मी चार दिवस तापाने पडून होते. त्या चार दिवसांचे फोटो पाहिले. शेवटची पायरी नाही. पाचव्या दिवशी अकराला चाळीस फोटोंच्या शेवटच्या पायऱ्या एकदम.

बाईंचा समारंभ तीस सप्टेंबरला होता. मी एक ऑक्टोबरला लेकीकडे गेले, तिला घर लावून द्यायला. बारा तारखेला संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हे गेले. ब्याण्णवपैकी एकाही फोटोवर अकराची पायरी नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

समोर गेले. या वेळी चप्पल घालून. दुकानात कोणी नव्हतं. मी सरळ विचारलं, "पडदा जुना नाही, तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी कॅमेरा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"वहिनी, मी शब्द दिला होता."

"ज्यांना दिला ते नाहीत आता."

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, दोन गल्ल्या पलीकडच्या नाही, मुद्दाम लांबच्या. तिथे बाकावर हे बसलेले. "दोघेही चोर. मी म्हटलं, मेहुण्याला घेऊन आलोय. ते म्हणाले, मीही मेहुण्यालाच. पाऊण तास बसलो, मेहुणा कुणाचाच आला नाही. मग आधी मला आत बोलावलं, नावाने, चांगलं मोठ्याने."

ते हसले, मीही हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा असेल.

यांच्या डोळ्यांमागची नस वाळत चालली होती. नजर शाबूत, पण रंग चालले होते. आधी निळा; तो कितीही भरला तरी यांना कमीच दिसे. त्याला औषध नव्हतं.

"मी म्हटलं, वहिनींना सांगा. तर म्हणाले, तिला कळलं तर तिचं पडलेलं तोंड मला रोज दिसेल. आणि गिऱ्हाइकाला कळलं तर दुकान बसेल. मी विचारलं, मग रंग कसे करता? तुमचे फोटो तर पूर्वीपेक्षा चांगले येतात. तर म्हणाले, घरात डोळे आहेत."

समोरचं फडकं उचलून मी त्याची घडी घातली.

"आता खरं सांगू? चिडलो होतो मी त्यांच्यावर," समोरचे म्हणाले. "माझे डोळे धडधाकट निघाले, आणि तरी रंग तुमच्याकडचेच सरस. परवा ते निळे फोटो पाहिले आणि कळलं. तुम्हाला ते कळू नये म्हणून काम मागत होतो."

मी त्यांच्याबद्दल या वहीत दहा तारखेला जे लिहिलं ते खोडणार नाही. पण ते चूक होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

राग येतो आहे. तीन वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. एका घरात, एका ताटलीतली बिस्किटं खाणारी दोन माणसं.

आता एकेक आठवतं. संध्याकाळी गाडी चालवणं सोडलं, म्हणाले पेट्रोल वाया जातं. सगळे मोजे एकाच करड्या रंगाचे आणले, आणि मी हसले तर म्हणाले, "जोडी हरवली तरी चालते." पडदे घेताना दुकानात म्हणाले, "तू सांगशील तो." मी घरी येताना मनात म्हटलं, म्हातारपणी शहाणे झाले.

मला रंग दिसत होते आणि हे दिसलं नाही.

ते अकरा दिवस डोक्यातून जात नाहीत. मी लेकीकडे खोकी उघडत होते आणि हे इथे एकटे ब्याण्णव फोटो करत बसले. फोनवर एकदा विचारलं होतं, "कधी येतेस? कामं तुंबलीत." मी म्हटलं, "मी येऊन काय तुमची कामं करणार आहे?" तर म्हणाले, "तेही खरं."

काल-आज संगणकाकडे गेले नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ठरवलं. विकतचं घेतलं.

भाड्याचं चालू ठेवायचं ते यांचा रंग जपण्यासाठी, असं मी इतके दिवस धरून चालले होते. तो रंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तो जर माझ्याच डोळ्यांनी होत होता, तर विकतच्यातही होईल. आणि होतो आहे. सकाळपासून सत्तावन्न फोटो झाले.

सगळेच्या सगळे दोनशे अडतीस कच्च्यापासून पुन्हा करते आहे. यांनी उजेड आणि सावली कशी ठेवली ते भाड्याच्यात पाहायचं आणि इकडे तशी ठेवायची. त्यात मी हात घालत नाही. त्यात ते माझ्यापेक्षा फार पुढे होते. बाईंच्या हातातल्या निरोपाच्या कागदावर इतकाच उजेड ठेवलाय की कागद दिसावा आणि त्यामागचं बोट थरथरतंय तेही कळावं. मला हे सुचलं नसतं. रंगाची पट्टी मात्र माझी.

लेकीला सगळं सांगितलं. ती फोनवर रडली. मग नाक ओढत म्हणाली, "म्हणून बाबा मला विचारायचे, तुझी बॅग कुठली, हिरवी की निळी. मला वाटायचं मस्करी करताहेत."

"इकडे येतेस ना?" असं तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "येईन, चार दिवस. दुकान बघून."

"बंद करून ना?"

"बघून," मी म्हटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दोनशे अडतीस पुरे झाले. समोरचे येऊन बघून गेले. दोन ठिकाणी म्हणाले, "हा थोडा गरम." पुन्हा पाहिलं. एक खरोखर गरम होता, तो सुधारला. दुसरा नव्हता, तसं सांगितलं. "बरं बाई, तुमचंच खरं," म्हणाले. जाताना विचारलं, आठवड्यातून एकदा त्यांची कामं माझ्या नजरेखालून घालीन का. विचार करून सांगते म्हटलं.

त्यानंतर भाड्याचं उघडलं. यांचे ब्याण्णव फोटो जसे आहेत तसे, निळे, पक्के करून बाहेर काढले आणि वेगळे ठेवले. आधी मला वाटलं होतं ते बिघडलेले आहेत. ते कुणाला द्यायचे नाहीत. पण यांना जग कसं दिसत होतं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि त्याचं माझ्याकडे काय आहे ते एवढंच. यांना हा निळा गणवेशच पांढरा दिसला. पुष्कळ वेळ बघत बसले. पंचेचाळिसाव्या फोटोच्या आसपास मलाही तो क्षणभर पांढरा वाटला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

परिचारिकाबाई येऊन अल्बम घेऊन गेल्या. चष्मा पुसून एकेक पान सावकाश पाहिलं.

"आमचे गणवेश इतके पांढरे कधीच नव्हते हो," म्हणाल्या. "धोब्याला दाखवायला हवा हा अल्बम."

मग त्या निरोपाच्या कागदाच्या फोटोवर थांबल्या. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "शेवटपर्यंत काय नजर होती त्यांची."

मी हो म्हणणार होते. इतकी वर्षं तेच म्हणत आले. पण म्हटलं, "फोटो त्यांनी काढलेत. उजेड त्यांचा. रंग मी केलेत."

"हे सगळे?"

"गेली तीन वर्षं."

हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अल्बम मिटला.

"मग सोमवारी मोकळ्या आहात का? माझ्या आईचा एकच फोटो आहे, पार विटलेला. त्यात ती कुठल्या रंगाची होती हे मला आठवतं, पण दाखवता येत नाही."

सोमवारी या म्हटलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुकानाला सुट्टी. भाड्याच्याची मुदत आज संपते. उद्यापासून त्या पायऱ्या दिसणार नाहीत. दुपारी एकदा शेवटचं उघडावं असं मनात आलं. उघडलं नाही.

जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत गेले. उद्या बाई येतील म्हणून टेबल पुसलं, वायरी एका बाजूला बांधल्या. मग यांच्या खुर्चीत बसून खालची कळ दाबली आणि माझे पाय जमिनीला टेकेपर्यंत खुर्ची खाली घेतली.